निराधारचा पगार, किसानचे हप्ते, पेन्शन: जास्तीचे पैसे जमा झाले आणि वसुलीची नोटीस आली, तर काय करायचं

तहसीलची नोटीस बहुतेक वेळा मोठ्या रकमेची नसते. साडेचार हजार, सहा हजार, फार तर पंधरा-वीस हजार. पण ज्या घरात महिन्याचा आधारच निराधारच्या पगाराचा, म्हणजे सरकारकडून येणाऱ्या पंधराशेचा आहे, तिथे त्या कागदाने झोप उडते. मग दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी घाबरून ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाढवून घेतं किंवा बचत गटाचं कर्ज काढतं आणि नोटिशीतला आकडा तसाच्या तसा भरून मोकळं होतं. कुणी ती नोटीस पेटीत टाकतं आणि बघू म्हणतं. दोन्हींत नुकसान गरिबाचंच. पहिल्यात देणं नसलेले पैसेही जातात, दुसऱ्यात चालू पगार बंद पडतो आणि मग तो सुरू करायला वर्ष जातं.

मला सांगायचं आहे ते एवढंच: रक्कम लहान असली तरी हिशेब कागदावर मागा, आपला हिशेब कागदावर द्या, आणि जे खरंच जास्तीचं आलं असेल तेवढंच, झेपेल तसं परत करा. हे कसं करायचं ते पुढे लिहिलं आहे. मराठवाड्यात लोकांची जिथे गाडी अडते, तिथे मी जास्त वेळ थांबले आहे.

जास्तीचे पैसे येतात कसे

आपल्या आठही जिल्ह्यांत साधारण पाच तऱ्हेची प्रकरणं दिसतात.

सर्वांत जास्त असतं ते मृत्यूनंतरचं जमा. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेतली आजी वारते, पण तहसीलच्या यादीतून नाव कमी होत नाही आणि खात्यात पगार येत राहतो. घरचे एटीएमने काढतात. काही घरांत तर हे पैसे घ्यायचे नसतात हेच कुणाला माहीत नसतं, कारण आजीचा पगार म्हणजे घरचाच पगार, असंच वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं.

दुसरं, दोन योजनांचा लाभ एकाच वेळी. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली तेव्हा निराधारचा पगार घेणाऱ्या अनेक बायांनी अर्ज भरले, म्हणजे खरं तर गावात भरून घेतले गेले. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा पंधराशे किंवा जास्त मिळत असतील तर या योजनेचा लाभ नाही, ही अट फार थोड्यांना कुणी समजावून सांगितली.

तिसरं, पीएम किसान. एकाच घरात नवरा आणि बायको दोघांच्या नावाने हप्ते येतात, किंवा घरातलं कुणी आयकर भरणारं निघतं.

चौथं, सरकारी नोकराच्या विधवेला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन. वाढीव दराची मुदत संपते, पण दर कमी होत नाही, किंवा मयताची पेन्शन दोन-तीन महिने चालूच राहते.

पाचवं, दुसऱ्याचेच पैसे आपल्या खात्यात. आधार भलत्या खात्याला जोडलं गेलं की असं होतं. आपली काहीही चूक नसते, पण पैसे काढले की जबाबदारी येते.

नोटीस हातात आली त्या दिवशी

नोटीस मिळाली त्याची तारीख नोटिशीवरच पेनने लिहा. मुदत पुष्कळदा "नोटीस मिळाल्यापासून सात दिवस" अशी असते आणि कोतवालाने ती दहा दिवसांनी आणून दिलेली असते. ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर नोटीस दारावर चिकटवली जाते किंवा शेजाऱ्याकडे दिली जाते. तुम्ही सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडावर असाल, तर गावातल्या माणसाला नोटिशीचा फोटो पाठवायला सांगा आणि मुदत वाढवून मिळण्याचा दोन ओळींचा अर्ज त्याच्या हातून तहसीलला द्या. मुकादमाचं नाव, कारखान्याचं गाव, परतायचा महिना एवढं त्यात लिहिलं तरी पुरे.

मग नोटिशीत चार गोष्टी शोधा: योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची रक्कम मागितली आहे, आणि कोणत्या आदेशाने मागितली आहे. बऱ्याच नोटिशींत एकच ठोक आकडा असतो, महिने नसतात. महिने नसलेल्या नोटिशीवर पैसे भरू नका. महिने मागा.

तोंडी बोलणं कमीत कमी ठेवा. तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेतले कर्मचारी सगळेच वाईट नसतात. एका टेबलावर हजारो नावं असतात आणि तोंडी सांगितलेलं त्यांच्याही लक्षात राहत नाही. शिवाय सहा महिन्यांनी त्या टेबलावर दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं. म्हणून प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आवक-जावक विभागात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडायचं. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

आणि एक जपायचं. कुठल्याही कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही नको. "मी शासनाची फसवणूक केली, रक्कम भरण्यास तयार आहे" असा तयार जबाब पुढे केला तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. पैसे परत करायला तयार असणं वेगळं आणि फसवणूक कबूल करणं वेगळं.

हिशेब: सगळ्यात महत्त्वाचं काम

बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. पासबुक हरवलं असेल तर खात्याचा उतारा मागा, निदान मृत्यूच्या किंवा वादाच्या तारखेच्या सहा महिने आधीपासूनचा. आता एका वहीत तीन रकाने करा: पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम, आणि ते पैसे कोणत्या महिन्याचे होते. हा तिसरा रकाना भरणं अवघड आहे आणि त्याच्यातच सगळं आहे.

कारण निराधारचा पगार महिन्याच्या महिन्याला येतोच असं नाही. कधी दोन महिने काहीच येत नाही आणि मग तिन्ही महिन्यांचे एकदम जमा होतात. आता समजा, श्रावणबाळ योजनेतल्या एका आजीचं १२ ऑगस्टला निधन झालं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खात्यात ४,५०० आले. ते जून, जुलै आणि ऑगस्टचे. पुढे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये प्रत्येकी १,५०० आले, ते अनुक्रमे सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे. तहसीलच्या बाबूने मृत्यूनंतर जमा झालेल्या सगळ्या रकमेची बेरीज केली आणि ९,००० ची नोटीस काढली.

खरा हिशेब वेगळा आहे. जून आणि जुलैत आजी हयात होत्या. त्या ३,००० रुपयांवर त्यांचा हक्क होता, पैसे उशिरा आले म्हणून ते जास्तीचे ठरत नाहीत. सप्टेंबर ते नोव्हेंबरचे ४,५०० मात्र जास्तीचे आहेत, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. राहिले ऑगस्टचे १,५००. ज्या महिन्यात मृत्यू झाला त्या महिन्याची रक्कम कोणत्या नियमाने परत मागता, हे लेखी विचारा. म्हणजे ९,००० ची मागणी ४,५०० वर, फार तर ६,००० वर येते. हा निम्मा फरक नुसत्या तिसऱ्या रकान्यातून निघाला.

महिने कळत नसतील तर बँकेला विचारून फारसं कळणार नाही, त्यांच्याकडे फक्त जमा दिसते. तहसीलच्या संगायो शाखेकडे त्या लाभार्थ्याच्या नावाने महिनावार वाटप दाखवणारा तपशील असतो. तो मागा. सरळ मागून मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा: दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दिल्याचा उल्लेख नोटिशीच्या उत्तरात जरूर करा, म्हणजे उत्तर यायच्या आत कारवाई करू नका असं म्हणायला आधार राहतो.

दर तपासायलाही विसरू नका. निराधार आणि श्रावणबाळचा पगार २०२३ च्या जुलैपासून १,५०० झाला, त्याआधी १,००० होता. जुन्या महिन्यांची वसुली नव्या दराने लावलेली असेल तर तिथेच महिन्याला पाचशेचा फरक पडतो. दिव्यांग लाभार्थ्यांचा पगार नंतर २०२५ मध्ये २,५०० करण्यात आला, त्यामुळे दिव्यांगांच्या प्रकरणात कोणत्या महिन्याला कोणता दर होता हे आणखी बारकाईने पाहावं लागतं.

पैसे काढले कुणी, हा वेगळा प्रश्न

मृत्यूनंतर जमा झालेले पैसे खात्यात तसेच पडून असतील तर काम सोपं आहे. ते काढू नका. मृत्यूचा दाखला जोडून तहसीलला अर्ज द्या की अमुक बँकेच्या अमुक खात्यात इतकी रक्कम शिल्लक आहे, ती बँकेला पत्र देऊन परत घ्यावी. बँक तुमच्या सांगण्यावरून ती रक्कम तहसीलला पाठवणार नाही, तहसीलदारांचं पत्र लागतं. पत्र गेलं की नाही याचा पाठपुरावा मात्र तुम्हालाच करावा लागेल.

पैसे काढले गेले असतील तर ज्याने काढले त्याची जबाबदारी येते. इथे घराघरांत भांडणं होतात. तीन भाऊ असतात, एटीएम एकाकडे असतं, नोटीस थोरल्याच्या नावाने येते. कायद्याने वारसाची जबाबदारी मयताच्या कर्जाबाबत असते, आणि तीही मयताकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरती. पण मृत्यूनंतर जमा झालेले पैसे हे मयताचं कर्ज नाही, ती काढणाऱ्याने घेतलेली रक्कम आहे. ज्याला छदामही मिळाला नाही त्याने उत्तरात तसं स्पष्ट लिहावं: खातं कोण वापरत होतं, एटीएम कुणाकडे होतं. भावाला अडकवायचं म्हणून नव्हे, तर सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं असतात आणि बोजा चढवायची भाषा झाली तर त्रास सगळ्यांनाच होतो म्हणून.

उलट बाजूही सांगते. मिनी बँकेत थम घेऊन पैसे काढले जातात, आणि मेलेल्या माणसाचा अंगठा लागत नाही. खातं मयताचं, मृत्यूनंतरही आधारच्या अंगठ्याने पैसे निघाल्याची नोंद उताऱ्यात दिसत असेल, तर ती गंभीर गोष्ट आहे. तुमच्या घरी मृत्यूची नोंद कधीची आहे हे दाखला देऊन सिद्ध करा आणि बँकेच्या शाखेत लेखी तक्रार द्या. तो भार आपल्या अंगावर घेऊ नका.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत होते, पण ती नोंद तहसीलच्या पगाराच्या यादीपर्यंत आपोआप पोचेलच असं धरून चालू नका. दाखला हातात आला की त्याची एक झेरॉक्स संगायो शाखेत पोच घेऊन द्या. दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत हे कुणाला सुचत नाही, म्हणून गावातल्या अंगणवाडीताईंनी, आशाताईंनी, बचत गटाच्या बायांनी त्या घराला आठवण करून द्यावी अशी माझी मनापासून विनंती आहे.

लाडकी बहीण आणि निराधार, दोन्ही

फेब्रुवारी २०२५ मध्ये निराधारचा लाभ घेणाऱ्या सुमारे २ लाख ३० हजार बहिणींना या योजनेतून वगळल्याचं मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं, आणि तोपर्यंत खात्यात गेलेली रक्कम परत घेतली जाणार नाही, असंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. म्हणून त्या काळातल्या पैशांसाठी कुणी दारात येऊन रोख मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. लेखी आदेश मागा. सरकारी नोकरीत असून लाभ घेतलेल्यांची गोष्ट निराळी, त्यांच्याकडून वसुलीची भूमिका शासनाने घेतलेली आहे.

पीएम किसान आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे मिळून वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार मिळणाऱ्या बाईला लाडकी बहीणमधून फरकाचे पाचशे मिळतात. तिथे हजार रुपये जास्त घेतले असं कुणी म्हणत असेल तर किसानचे हप्ते तिच्याच नावाने येत होते की नवऱ्याच्या, हे आधी पाहा. नवऱ्याच्या नावाचे हप्ते तिच्या हिशेबात धरायचे नाहीत.

पीएम किसानची नोटीस

इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. मोठा मुलगा आणि त्याच्या नावावर जमीन असेल तर ते वेगळं कुटुंब. एका सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असली तरी कुटुंबं दोन. "एका घरात दोन हप्ते" एवढ्याच कारणावर नोटीस आली असेल तर ही व्याख्या उत्तरात लिहा आणि रेशनकार्ड, आधार, सातबारा जोडा. नवरा-बायको दोघांनीही घेतले असतील तर मात्र एकाचे परत द्यावे लागतील.

आयकराच्या कारणावर आलेल्या नोटिशी नीट पाहायला हव्यात. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी एजंटाने रिटर्न भरलेलं असतं, पण कर शून्य असतो. योजनेतून वगळलेला असतो तो आधीच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेला माणूस. नुसतं रिटर्न भरलं म्हणून माणूस अपात्र होत नाही. त्या वर्षाच्या रिटर्नची पावती काढा, कर शून्य दिसतो ती ओळ अधोरेखित करा आणि जोडा. तसंच गट ड मधला कर्मचारी किंवा महिन्याला दहा हजारांपेक्षा कमी पेन्शन असलेला माणूस वगळलेला नाही. शिपाई म्हणून नोकरीला असलेल्या शेतकऱ्याला नोटीस आली तर नियुक्तीचा आदेश आणि पगारपत्रक पुढे करा.

कोणत्या वर्षी अपात्र होता हेही महत्त्वाचं. एका वर्षी कर भरला म्हणून सुरुवातीपासूनचे सगळे हप्ते मागितलेले असतील, तर वर्षनिहाय पात्रता तपासण्याची मागणी करा. परत भरण्यासाठी योजनेच्या पोर्टलवर शेतकऱ्यांच्या विभागात ऑनलाइन परताव्याची सोय आहे. तिथे आधार क्रमांक टाकल्यावर परत करण्याजोगी रक्कमच दिसत नसेल तर त्या पानाचा फोटो काढून तहसीलच्या उत्तराला जोडा. पीएम किसानचे पैसे केंद्राचे, नमो शेतकरीचे राज्याचे. दोन्ही एकाच चलनात मिसळून भरू नका, नंतर कुठलीच नोंद जुळत नाही. चौकशीसाठी १५५२६१ हा मदत क्रमांक आहे.

उत्तराचा अर्ज

लांबण नको. हा नमुना आपल्या प्रकरणाप्रमाणे बदलून घ्या:

"प्रति, मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, ______. विषय: नोटीस क्रमांक ______, दिनांक ______ बाबत खुलासा व सुनावणी मिळणेबाबत.

महोदय, वरील नोटीस मला दिनांक ______ रोजी मिळाली. माझी आई श्रीमती ______ या श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थी होत्या. त्यांचे निधन दिनांक ______ रोजी झाले, दाखला जोडला आहे. नोटिशीत रु. ______ ची मागणी आहे, परंतु महिनावार तपशील दिलेला नाही. बँकेच्या उताऱ्याप्रमाणे जमा रकमेपैकी रु. ______ ही त्या हयात असतानाच्या महिन्यांची आहे. त्यामुळे जास्तीची रक्कम रु. ______ होते, असे माझे म्हणणे आहे. योजनेच्या नियमाची माहिती नसल्याने ही रक्कम घरखर्चात वापरली गेली, त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता.

तरी, महिनावार तपशील मिळावा, मला समक्ष बाजू मांडण्याची संधी द्यावी, आणि अंतिम रक्कम ठरेपर्यंत पुढील कारवाई थांबवावी, ही विनंती. ठरलेली रक्कम एकरकमी भरण्याची माझी ऐपत नाही. ती दरमहा रु. ______ प्रमाणे भरण्यास परवानगी द्यावी."

खाली सोबत जोडलेल्या कागदांची यादी क्रमांक टाकून लिहा. झेरॉक्स द्या, मूळ कागद कधीही देऊ नका.

हप्ते किती सांगायचे

लाजेखातर मोठा हप्ता सांगतात आणि दुसऱ्याच महिन्याला चुकतात. ४,५०० असतील तर दरमहा ३०० प्रमाणे पंधरा महिन्यांत फिटतात. हे सांगण्यात कमीपणा नाही. शेतकरी घर असेल तर महिन्याच्या हप्त्यापेक्षा हंगामाचा हप्ता मागा: निम्मे सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या सुमारास, निम्मे कारखान्याचा हिशेब झाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये. अर्जात रेशनकार्डाचा प्रकार, घरातली माणसं, आजारपण आणि सध्याचं कर्ज लिहा. तहसीलदारांनी हप्ते मान्य केलेच पाहिजेत असं नाही. पण लेखी विनंती आणि पहिल्या हप्त्याची तयारी दिसली की बहुतेक ठिकाणी ऐकून घेतात.

ज्याच्याकडून वसुली आहे त्याचा स्वतःचा निराधारचा पगार चालू असेल तर पूर्ण पगार थांबवण्याऐवजी थोडी थोडी कपात करण्याची मागणी करा. पंधराशेतले तीनशे गेले तर माणूस जगतो. सगळे पंधराशे पाच महिने थांबले तर म्हातारी औषधं सोडते. अर्जात हे याच शब्दांत लिहायला हरकत नाही.

आणि ही वसुली फेडायला सावकाराकडे जाऊ नका. सरकारी मागणीवर व्याज लावलेलं नसेल तर ती जगातली सगळ्यात स्वस्त देणी आहे. तिच्यासाठी महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलणं किंवा पुढच्या हंगामाची उचल वाढवणं म्हणजे स्वतःला आणखी एक वर्ष गहाण टाकणं. नोटिशीत व्याज किंवा दंड धरलेला असेल तर तो कोणत्या आदेशाने, हे विचारा.

पैसे भरताना

रोख रक्कम कुणाच्याही हातात नको, मग तो कितीही ओळखीचा असो. राज्याच्या योजनेचे पैसे परत भरायचे तर तहसीलकडून लेखाशीर्ष (पैसे ज्या सरकारी खात्यावर भरायचे त्याचा क्रमांक) लिहून घ्या आणि ग्रास या सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून चलन काढा. सेतूवाला किंवा एखादा शिकलेला मुलगा हे करून देईल. चलनावर योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव आणि कोणत्या महिन्यांची रक्कम हे नीट भरलंय का पाहा. पैसे भरल्यावर चलनावर जीआरएन क्रमांक येतो, तो तुमचा पुरावा. काही तहसीलांत धनाकर्ष (डीडी) किंवा शासकीय खात्यात जमा करायला सांगतात. तसं असेल तर खात्याचा तपशील कार्यालयाच्या सही-शिक्क्याच्या पत्रावर घ्या.

चलनाची प्रत पोच घेऊन संगायो शाखेत द्या आणि "वसुली पूर्ण, काहीही येणे बाकी नाही" असं पत्र मागा. बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात, आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणात तीच रक्कम पुन्हा निघते. चलन, पत्र, पोच आणि पासबुकाच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा.

ऐकलंच नाही तर

उत्तर देऊनही तीच मागणी कायम राहिली तर प्रांत कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संबंधित शाखेत अर्ज करा, सोबत आधीच्या पोचा जोडा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही प्रकरण देता येतं. आपले सरकार पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. तिचा टोकन क्रमांक जपून ठेवा.

"जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करू" हे वाक्य नोटिशीत असतं, त्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये थकबाकी वसुलीचे मार्ग दिलेले आहेत आणि त्यात जप्तीही येते, म्हणून दुर्लक्ष नको. पण एखादी रक्कम अशा तऱ्हेने वसूल करायला कायद्याचा आधार लागतो. तो आधार कोणता, हे उत्तरात विचारा. याच्या उलट, "तीन वर्षं झाली, आता काही होत नाही" असं पारावर सांगतात त्यावरही विसंबू नका. सरकारने दाव्याने वसुली करायची तर मुदतीच्या कायद्याने त्याला तीस वर्षांचा अवधी मिळतो.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. लहान रकमेसाठी थेट उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाण्याची वेळ सहसा येऊ नये. समितीच्या वकिलाचं एक पत्र तहसीलला गेलं तरी हिशेब पुन्हा तपासला जाण्याची शक्यता वाढते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचं थोडं वेगळं

इथे कार्यालय तहसील नसून जिल्हा कोषागार असतं आणि रक्कम मोठी निघू शकते. आधी कोषागाराकडून गणनापत्रक मागा: कोणत्या महिन्याला किती देय होतं, किती दिलं. मयताची पेन्शन काही महिने चालू राहिली असेल, तर त्याच काळाचं कुटुंब निवृत्तिवेतन विधवेला देय झालेलं असतं. दोन्हींची वजावट झाली पाहिजे, नुसती वसुली नव्हे. वजावटीनंतर बऱ्याचदा फरकच काय तो उरतो.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात कोणत्या परिस्थितीत जास्तीच्या रकमेची वसुली करता येणार नाही हे सांगितलं आहे: वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जास्तीचं प्रदान, आणि जिथे वसुली फारच जाचक ठरेल अशी प्रकरणं. जास्तीचे आले तर परत करीन असं हमीपत्र आधी दिलेलं असेल तर मात्र न्यायालयांनी वेगळी भूमिकाही घेतली आहे, म्हणून हमीपत्रावर सही केली होती का ते आठवा. हा निकाल नोकरांच्या वेतनाबद्दलचा आहे. निराधारच्या पगाराला तो जसाच्या तसा लावता येत नाही, गावातल्या कुणी व्हॉट्सअॅपवर तसं पाठवलं तरी.

फोनवरून वसुली होत नसते

"तुमच्यावर किसानची वसुली निघाली, लिंकवर भरा" असा फोन किंवा संदेश आला, किंवा एखादं अॅप उतरवून घ्या म्हणाले, तर काही दाबू नका, ओटीपी सांगू नका. तहसीलला जाऊन खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

वसुली चालू असताना दुसरे हक्क सोडू नका

घरातल्या कर्त्याच्या मृत्यूनंतर वसुलीच्या भीतीने बाया तहसीलची पायरीच चढत नाहीत आणि स्वतःच्या हक्काचे अर्ज राहून जातात. कर्ता अठरा ते एकोणसाठ वर्षांचा होता आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं आहे, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. विधवेचा स्वतःचा निराधारचा अर्ज वेगळा असतो. लहान मुलं असतील तर बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाकडे अर्ज होतो, त्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये आहेत. सासूच्या खात्यातल्या जास्तीच्या पगाराची नोटीस आली म्हणून सुनेचा यातला कुठलाही अर्ज अडवला तर अडवण्याचं कारण लेखी मागा. हे अर्ज वसुलीच्या उत्तरापासून वेगळे, वेगळ्या पोचीवर द्या.

ज्यांचा पगार चालू आहे त्यांनी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि नेमकी तेव्हाच ऊसतोडीची माणसं बाहेर असतात. कोयता उचलून गाव सोडण्याआधी, दिवाळीच्या आसपास, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधार, पासबुक आणि मोबाइल क्रमांक एकमेकांना जोडलेले आहेत का हे तपासून घ्या. मागे राहणाऱ्या माणसाला दाखल्यासाठी कधी आणि कुठे जायचं ते कागदावर लिहून द्या.